पडद्यावरचा वारा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाची पाटी फलकावर लागल्यापासून निदान दहा जणांनी मला विचारले की, अहो, खमरियात शिडाची होडी चालवता तरी कुठे? प्रश्न रास्त आहे. जबलपूरहून जवळात जवळचा समुद्रही साधारण सातशे किलोमीटर लांब. आपल्याकडे होड्या आहेत, नाही असे नाही. ग्वारीघाटावरून पलीकडच्या गुरुद्वाऱ्याला नेणारी होडी आहे, भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून फिरवून आणणारी आणि वर नावाड्याची यमक जुळवलेली कॉमेंट्री फुकट ऐकवणारी होडी आहे. पण त्या वल्ह्यांच्या. शिडाची होडी आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिलेली.

मी ती संगणकाच्या पडद्यावर चालवायला शिकलो. त्यावर घरोघरी जो प्रश्न विचारला जातो तोच घेऊन मी उभा आहे. हे शिकणे खरे की खोटे? आपली मुले तासन् तास त्या पडद्यासमोर बसतात. त्यातून हाताला काही लागते, की नुसते डोळे बिघडतात? सरसकट उत्तर देता येत नाही, म्हणून एकाच गोष्टीपुरते बोलतो.

आधी हे जग काय आहे ते सांगतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला लिंडेन लॅब नावाची कंपनी आहे. तिने जून २००३ मध्ये ‘सेकंड लाइफ’ नावाचे एक जग इंटरनेटवर उघडले. त्यात आपण एक बाहुला घेऊन शिरतो, त्याला नाव देतो, चालवतो, बोलवतो. हा खेळ आहे असे म्हणवत नाही, कारण यात जिंकायचे काही नाही. जमीन, घरे, झाडे, होड्या, बहुतेक सगळे तिथे राहणाऱ्या माणसांनीच बनवलेले. त्या जगात पाणीही भरपूर आहे. ‘ब्लेक सी’ नावाचा एक मोठा समुद्रच आहे. न्यूझीलंडचे प्रसिद्ध दर्यावर्दी सर पीटर ब्लेक यांचे नाव त्याला दिले आहे. हे ब्लेक २००१ साली ॲमेझॉन नदीच्या मुखाशी चाच्यांच्या गोळीने गेले.

नवशिक्याला तिथे पूर्वी ‘फ्लाइंग टाको’ नावाची छोटी होडी मिळायची. बसायचे, ‘रेझ’ असे टंकायचे, की शीड वर. डाव्या-उजव्या बाणांच्या कळांनी सुकाणू, वर-खालच्या कळांनी शिडाचा दोर ढिला किंवा ताठ. बस्स, इतकेच. कोणालाही वाटेल, चार कळा, त्यात शिकायचे ते काय?

शिकायचा तो वारा. नवशिका काय करतो? नाक पलीकडच्या दीपस्तंभाकडे धरतो आणि वाट बघतो. वारा नेमका तिकडूनच येत असतो. शीड फडफडते, होडी थांबते, मग उलटी सरकू लागते. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वारा जिथून येतो त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५-४५ अंशांचा पट्टा तिला बंद असतो. तरीही वाऱ्याच्या दिशेला पोचता येते, आणि इथेच गंमत आहे. आधी ४५ अंश उजवीकडे जायचे, मग नाक वाऱ्यातून वळवून ४५ अंश डावीकडे, पुन्हा उजवीकडे. घाटातल्या रस्त्यासारखे. सरळ एक किलोमीटर जायचे तर पाण्यावर १.४ किलोमीटर कापावे लागते. नववीच्या भूमितीत काटकोन त्रिकोणाचा कर्ण आपण सर्वांनी काढलेला आहे. त्याचा उपयोग काय, हे मला गुरुजींनी नाही, त्या होडीने सांगितले.

पण वारा समोरून तिरका येत असताना होडी पुढे जाते तरी कशी? आपल्या नर्मदेच्या वाळूतले कलिंगड घ्या. त्याची ओली बी दोन बोटांत धरून दाबा. तुम्ही दाबता आडवे, ती सटकते पुढे. शिडाच्या फुगीर बाजूवरून वारा वेगाने जातो, विमानाच्या पंखावर होते तसेच ओढणारे बळ तयार होते आणि ते होडीला बरेचसे आडवे ढकलू पाहते. पण होडीखाली पाण्यात एक उभी फळी असते, ती आडवे सरकू देत नाही. हे एक बोट, ते दुसरे बोट. मधली बी, म्हणजे होडी, पुढे सटकते. म्हणूनच पाठीमागून सरळ वारा आला की होडी सर्वात जोरात पळेल ही आपली समजूत खोटी ठरते. मागून वारा असला तर होडी त्याच्यापुढे धावणार तरी किती? बहुतेक होड्या वारा बाजूने आला की जास्त पळतात.

आणखी एक गोष्ट आपल्या कारखान्यातल्या सायकलवाल्यांना लगेच पटेल. पहाटे अगदी पान हलत नाही, तरी सायकलवर तोंडाला वारा लागतो. तो आपण स्वतःच तयार केलेला. आता बाजूने खरा वारा येत असेल, तर जोर वाढवला की तो समोरून आल्यासारखा वाटू लागतो. होडीचे शीड असाच मिसळलेला वारा खाते. होडीने वेग घेतला की वारा पुढे सरकल्यासारखा होतो आणि दोर आणखी ताठ करावा लागतो. हे पुस्तकात वाचून मला कधी कळले नसते. पडद्यावर शंभरदा दोर ओढून-सोडून कळले. होडीच्या वर हवेत आकडे तरंगत असतात, वेग इतका, वाऱ्याचा कोन इतका. दोर जरा सोडला, वेग वाढला. जरा जास्त सोडला, पडला. अशी सवय अंगी लागते. तिला मी तरी शिक्षणच म्हणतो.

या जगाच्या काही गमती फक्त याच जगाच्या आहेत. सगळा समुद्र २५६ मीटर लांब-रुंद चौकोनांचा बनलेला. प्रत्येक चौकोन संगणकाच्या हिशेबी वेगळा प्रदेश, आणि होडी रेषा ओलांडते तेव्हा एका प्रदेशाने तिला दुसऱ्याच्या हवाली करायचे असते. तालुक्याच्या कचेरीतून फाइल जावी तसे. कधी होडी जाते आणि खलाशी मागे हवेत बसल्या पोझमध्ये लटकत राहतो. जुने लोक नवख्याला सांगतात, रेषेवर वळू नकोस, सरळ जा, कळांना हात लावू नकोस. ही शहाणीव खऱ्या समुद्रात कवडीच्या कामाची नाही. शिकताना कोणते शिकणे पाण्याचे आणि कोणते यंत्राचे, हे वेगळे काढावे लागते, म्हणून मुद्दाम सांगितले.

माणसांबद्दलही दोन शब्द. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, पहिल्या पाळीआधीचा तास. त्या वेळी पाण्यावर गर्दी असते. कोण कुठला, वय काय, हुद्दा काय, काही कळत नाही. शर्यतीत मात्र खऱ्या समुद्राचा कायदा चालतो. ज्याच्या उजव्या बाजूने वारा येतो त्याचा हक्क पहिला, डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने वाट द्यायची. दोघांचा वारा एकाच बाजूचा असेल तर वाऱ्याकडच्या होडीने बाजूला व्हायचे. आपल्या रांझी बाजाराच्या चौकात हे दोन नियम लागू करता आले तर मंडळाने जरूर ठराव करावा.

सेकंड लाइफ हे एक घर झाले. दुसरे घर फ्रान्समधले, ‘व्हर्च्युअल रेगाटा’. इथे बाहुला नाही, नकाशा आहे. त्यावर खऱ्या हवामानखात्याच्या अंदाजातला वारा आणि खऱ्या घड्याळाचा वेळ. खरी शर्यत तीन महिने चालली तर तुमचीही तीन महिने. कोणते शीड लावायचे आणि नाक कुठे ठेवायचे एवढेच तुमच्या हाती. वारा रात्री दोनला फिरणार असेल तर गजर लावून उठा. ८ नोव्हेंबर २०२० रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून ‘वॉन्दे ग्लोब’ ही एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत सुटली. खऱ्या होड्या ३३. पडद्यावर त्याच मार्गाने निघालेल्या दहा लाखांहून अधिक. करोनाचा काळ, माणसे घरात कोंडलेली. जागतिक सेलिंग संघटनेने तर २०१८ पासूनच पडद्यावरच्या शर्यतींची जागतिक स्पर्धा सुरू केली होती, आणि २०२१ च्या ऑलिम्पिक व्हर्च्युअल मालिकेत सेलिंगला जागा मिळाली. तेव्हा हा काही चार रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे.

त्याच शर्यतीतली पुढची गोष्ट ऐका. ३० नोव्हेंबर २०२० ला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाखाली केव्हिन एस्कोफिए या खलाशाची होडी एका लाटेत दुमडली आणि काही मिनिटांत बुडाली. तो रबरी तराफ्यावर. त्याला शोधायला काही जण मार्ग सोडून वळले, आणि ज्याँ ल काम नावाच्या एकसष्ट वर्षांच्या खलाशाने रात्रीच्या अंधारात त्याला उचलून घेतले. शोधात गेलेला वेळ पुढे भरून देण्यात आला. त्यामुळे यानिक बेस्तावेन तिसरा पोचूनही सव्वादहा तासांच्या भरपाईने विजेता ठरला. पडद्यावरच्या दहा लाख होड्यांपैकी एकही बुडाली नाही. कोणाला कोणासाठी वळावे लागले नाही.

खोटे-खरे इथे वेगळे होऊ लागते. आमच्या ओळखीतले एक काका आहेत, मूळ मालवणकडचे. लहानपणी वडिलांबरोबर होडीवर गेलेले, पुढे नोकरीने इकडे आले. ते एकदा माझ्या मागे खुर्ची टाकून बसले. बराच वेळ पाहून म्हणाले, “सगळं बरं आहे रे, पण वारा कुठे आहे?” मी आकडा दाखवला, कोन दाखवला. ते म्हणाले, “आमच्याकडे वारा कानाला कळतो. तोंड फिरवायचं, दोन्ही कानांत सारखा वाजला की वारा समोर.” पडद्याच्या सेलिंगवर इतकी नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. पडद्यावर वारा डोळ्यांना कळतो. कान, गाल, मानेवरचे केस, पायाखालचा उतार, हातातल्या दोराचा ताण, यांतले काही नाही. होडी कलली की आपण पलीकडे अंग टाकतो, ते अंगच तिथे नसते. आडवा वासा डोक्यावरून गर्रकन फिरतो तेव्हा वाकायला शिकावे लागते, ते भीतीनेच. पडद्यावर तो वासा डोक्यातून आरपार जातो आणि आपण चहा पीत असतो.

भीतीला किंमत किती असते, हे अभिलाष टॉमी यांच्यावरून कळते. नौदलाचा हा अधिकारी २०१२-१३ साली एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय ठरला. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तो ‘थुरिया’ नावाच्या होडीतून गेला. ती गोव्यात बांधलेली. सप्टेंबरात हिंद महासागराच्या दक्षिण भागात वादळाने होडी गुंडाळली, डोलकाठ्या मोडल्या, त्याच्या पाठीचे मणके मोडले. हलता येईना. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने सुटका केली. पाठीत धातूच्या सळ्या बसवून हा माणूस पुढच्या गोल्डन ग्लोब शर्यतीला पुन्हा निघाला आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरा आला. ज्याला संध्याकाळी संगणक बंद करता येतो, त्याने या माणसाच्या शेजारी आपले नाव लिहू नये. मीही लिहीत नाही.

मग पडद्यावरचे शिकणे बाद का? माझे मत, नाही. आणि साक्षीला मी आपला मराठी माणूस बोलावतो, कमांडर दिलीप दोंदे. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे ते पहिले भारतीय. ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची. नौदलातून १९८३ साली निवृत्त झाल्यावर ते साताऱ्यात फलटणजवळ विंचुर्णी गावी राहिले, तेही समुद्रापासून दूरच. २०१८ च्या नोव्हेंबरात ते तिथेच गेले. २००६ साली दोंदे या मोहिमेला पुढे आले तेव्हा ते नौदलाचे पाणबुडे अधिकारी होते. एकट्याने महासागर ओलांडण्याची विद्या देशात शिकवणार कोण? कोणी केलेलेच नव्हते. मग त्यांनी इंग्लंडचे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या शर्यतीच्या होडीच्या तयारीत हात घातला. हे सर रॉबिन १९६८-६९ साली एकट्याने न थांबता पृथ्वी फिरणारे जगातले पहिले, आणि त्यांची ‘सुहैली’ ही सागवानी होडी आपल्या मुंबईत बांधलेली. दोंदेंची होडी ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, ५६ फुटांची. ती बांधली जात असताना दोंदे तिथे हजर असत, नट-बोल्टसकट ओळख करून घेत. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून, वाटेत चार बंदरांना थांबत, ते मे २०१० मध्ये परतले. पुढे ‘तारिणी’ वरून २०१७-१८ साली पृथ्वी फिरून आलेल्या सहा महिला अधिकाऱ्यांना शिकवणारे तेच.

यात पाहण्यासारखे हे की, दोंदेंचे शिकणे थेट पाण्यात सुरू झाले नाही. कागदावर, दुसऱ्याच्या होडीच्या गोदीत, दांडेकरांच्या शेडमध्ये झाले, आणि मग पाण्यात. आपल्या कारखान्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जिवंत नग हाती देण्याआधी डमीवर हात बसवतात. डमीवर हात बसला म्हणून कोणी त्याला तरबेज म्हणत नाही, आणि डमी खोटा आहे म्हणून कोणी तो फेकूनही देत नाही. पडद्यावरची होडी मला तशी वाटते. वाऱ्याचे गणित तिच्यावर खरोखर बसते. पाण्याला भिणे आणि पाण्यावर विसंबणे, या दोन गोष्टी तिच्यावर बसत नाहीत.

आई-वडिलांना एक कळकळीचे सांगणे आहे. मुलगा पडद्यावर वादळातून होडी काढतो, म्हणून बरगीला किंवा भेडाघाटला त्याला पाण्याचे जास्त कळते असे समजू नका. उलट त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा. नर्मदामैया दिसायला शांत, पण खालचा ओढ तिलाच ठाऊक. अंगावर जाकीट नसेल तर होडीत पाऊल नाही, आणि आधी पोहणे. पडद्यावर बुडण्याला किंमत नाही, आणि धोका इथेच आहे.

पण दार बंदही करू नका. बरगीचा जलाशय सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि साडेचार रुंद. १६२ गावांची जमीन त्यात गेली, हे विसरून त्याच्याकडे नुसते सहलीचे पाणी म्हणून पाहवत नाही. पण तो आता आहे, आपल्या दारात आहे. भोपाळच्या मोठ्या तलावावर तर सेलिंगची शाळाच आहे. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथे शिकली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-४ होडीत तिने रौप्यपदक घेतले. होशंगाबादच्या हर्षिता तोमरने २०१८ साली जकार्त्याच्या स्पर्धेत कांस्य घेतले होते. दोघीही आपल्यासारख्याच, समुद्र न पाहिलेल्या प्रदेशातल्या. लहान मुले ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या होडीवर शिकतात. ती अडीच मीटरहूनही लहान, न्हाणीघरातल्या टबासारखी दिसणारी, आणि पंधरा वर्षांपर्यंतची मुले तीत शर्यती खेळतात. वाऱ्याचा ४५ अंशांचा बंद पट्टा ज्या मुलाला घरी बसून कळला आहे, त्याचे पहिले चार दिवस तिथे वाचतील एवढे मी खात्रीने सांगतो. पाचव्या दिवसापासून मात्र तो आणि बाकीची मुले सारखीच भिजतील.

आता ज्येष्ठांसाठी. गुडघे गेले, डॉक्टरांनी जिना बंद केला, आता कसली होडी, असे म्हणणारे समोर बरेच दिसतात. त्यांच्यासाठी पडदा ही पायरी नसून पाणीच आहे, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. त्या जगात अंथरुणाला खिळलेली माणसेही शीड उभारतात, शर्यत धरतात आणि उजव्या बाजूच्या वाऱ्याचा हक्क तावातावाने भांडून घेतात. मालवणकडचे आमचे काका आता आठवड्यातून दोनदा येतात. वारा कुठे आहे हे अजून विचारतात, पण सुकाणू माझ्याकडून काढून घेतात.

उद्या सायंकाळच्या आरतीनंतर मंडपामागच्या खोलीत संगणक लावतो आहे. मुलांनी वहीत दिशांचे वर्तुळ काढून आणावे, ३६० अंशांचे. कंपासपेटी आणावी, मोबाईल नको.